मस्कतचे जावई

अक्काची मुलगी व्हाइटफील्डच्या एका ऑफिसात आहे आणि रविवारी गोष्टी लिहायला शिकते. त्याचाही क्लास असतो म्हणे. मागे एकदा माझ्याकडे आली तेव्हा तोंड पाडून बसली होती. म्हणाली, "मावशी, माझा हीरो कोणाला खराच वाटत नाही. सर म्हणाले, तो पहिल्या पानावर जसा आहे तसाच शेवटच्या पानावर." मी भाजी निवडत होते. म्हटलं, त्याला भोपळा खाऊ देऊ नकोस. ती हसली आणि मोबाइल बघायला लागली. मी थट्टा करत नव्हते. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला गोष्टीतलं काही कळत नाही. पण नसलेला माणूस उभा करून तो वर्षानुवर्षं चालवायचा कसा, हे मी केलेलं आहे. अक्काला विचारलं, हे लिहू का? ती म्हणाली, लिही, आता वाचायला कोण राहिलंय.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं नाव शोभा, पण मी तिला कधी नावाने हाक मारली नाही. तिला निपाणीजवळ दिली होती. नवऱ्याची बाई आधीपासून होती, लग्न त्याने घरच्यांची तोंडं बंद करायला केलं, आणि ती बंद झाल्यावर अक्काला परत पाठवून दिली. आमचे वडील त्याआधीच गेले होते. आई म्हणाली, इथे राहून रोज तेच तेच प्रश्न कोण ऐकणार. बंगळूरला कपड्यांच्या फॅक्टऱ्यांत बायकांना काम मिळतं असं कोणीतरी सांगितलं होतं, तेवढ्यावर आम्ही तिघी निघालो. जे. पी. नगरच्या कडेला सारक्कीत एका वठारात खोली मिळाली. मध्ये अंगण, अंगणात एक नळ, भोवती खोल्या आणि तोंडाशी घरमालकिणीचं घर, याला तिकडे वठार म्हणतात. घरमालकीण गौरम्मा दारात उभी होती. तिने सामान बघितलं नाही, अक्काचा गळा बघितला. मंगळसूत्र होतं. मग माणूस कुठे आहे, असं कानडीत विचारलं. आईला सीमेवरची थोडी कानडी येत होती. रात्रभर बसमध्ये शेजारचा माणूस त्याच्या भावाबद्दल बोलत होता, तो भाऊ मस्कतला होता. आई म्हणाली, मस्कतला. गौरम्मा म्हणाली, सरी, म्हणजे बरं, आणि किल्ली दिली.

बस, एवढंच. आईने पुढचा काही विचार केला नव्हता. तिला खोली हवी होती.

त्या खोलीतलं मला आठवतं ते स्टोव्हचं गुरगुरणं. पहाटे आई स्टोव्हला हवा मारायची, मग नळावर घागरी वाजायला लागायच्या, मग पलीकडच्या रुक्माक्काच्या घरी शिलाईचं मशीन सुरू व्हायचं. ज्वारी महाग, म्हणून आई रागीच्या पिठाची भाकरी थापायची. काळी, चटकन सुकणारी. तिच्याबरोबर सुक्या मिरचीची चटणी. तोच डबा अक्काचा आणि माझा. फॅक्टरीत अक्का मशीनवर बसायची आणि मी तयार शर्टांचे दोरे कापायची. संध्याकाळी हातातून कात्री काढली तरी बोटं तशीच वाकडी राहायची. आजही थंडीत राहतात. घरी आल्यावर अंगणात बायका तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या आणि आम्ही चपला काढायच्या आत जावयाची चौकशी सुरू व्हायची. आखातात लढाई होऊन गेली होती, मस्कतला बॉम्ब पडतात का? पगार चांगला असेल? मूल का नाही? अक्का काही बोलायची नाही. आईला सुचायचं नाही. मी फॅक्टरीत कानडी लवकर उचलली होती, त्यामुळे बोलायचं काम माझ्याकडे आलं.

पहिले काही महिने आमचे दाजी देवासारखे होते. सुधाकरराव हे नाव आईने ठेवलं, तिला ते सभ्य वाटायचं. दाजी पीत नाहीत, रागवत नाहीत, सगळं अक्कासाठी करतात. गौरम्मा ऐकून घ्यायची, पण तिची मान हलायची नाही. एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाली, असा नवरा कुठल्या दुकानात मिळतो ते सांग, माझा देऊन बदलून आणते. बायका हसल्या. तिला खोटं वाटलं तर खोलीच जाणार होती. तेवढ्यात तिने भोपळ्याच्या हुळीची वाटी माझ्या हातात दिली. हुळी म्हणजे त्यांची आमटी. माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्या दाजींना भोपळा चालत नाही, ताटात दिसला की ताट सरकवतात, लग्नातही सरकवलं होतं, माझ्या मामाचा अपमान झाला. गौरम्माने तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवलं. "बघ," ती रुक्माक्काला म्हणाली, "पुरुष म्हटला की असंच." त्या दिवसापासून दाजी खरे झाले.

मग मला ते जमत गेलं. चांगुलपणा सांगितला की लोक ऐकतात, खोड सांगितली की विश्वास ठेवतात. पण तेवढ्याने भागत नाही. माणूस वर्ष उलटलं तरी तसाच राहिला तर बायकांना शंका येते. म्हणून दाजींना आधी चहासुद्धा करता येत नव्हता. मस्कतला एका खोलीत राहणाऱ्या सोबत्यांनी त्यांना बोलून बोलून हैराण केलं. मग ते चहा शिकले, मग भात, मग एकदा फोनवर अक्काला विचारलं म्हणे, तू रोज एवढं कसं करतेस? हे ऐकून गौरम्माने डोळ्याला पदर लावला. एकदा मी जोरात येऊन सांगितलं की तिकडे दाजी भोपळाही खायला लागले. कोणाला पटलं नाही. गौरम्मा म्हणाली, काहीतरीच, त्याने तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. तेव्हा मला कळलं की माणूस चहा करायला शिकतो, भोपळा खायला नाही. माणसात काय बदलेल आणि काय बदलणार नाही, हे सांगणाऱ्याच्या हातात फार वेळ राहत नाही.

फोन म्हणजे काय करायचो तेही सांगते. महिन्यातून एका रविवारी अक्का कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवर जायची. वठारातल्या कोणीतरी बरोबर यायचंच, म्हणून खराखुरा फोन लावावा लागायचा. वेळ सांगणारा एक नंबर होता. तो लावला की एक बाई किती वाजले ते सांगत राहायची. अक्का काचेच्या पेटीत उभी राहून त्या बाईशी बोलायची. मी तिला शिकवलं होतं, बोलायचं, मग थांबायचं, मग हो म्हणायचं. बूथवाल्याला मीटरवर दिसत असणार की हा गावातलाच फोन आहे. त्याला त्याच्या रुपयाशी मतलब. सुरुवातीला अक्का पोपटासारखी बोलून बाहेर यायची. पुढे तिला वेळ लागायला लागला. एकदा बाहेर आली ती डोळे लाल करून. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, भांडण झालं.

आईचं वेगळंच. दिवाळीला ती जावयासाठी म्हणून वेगळ्या करंज्या करायची. मस्कतला जाणाऱ्या कोणाकडे तरी डबा पोचवायचा आहे असं सांगून आम्ही तिघी सजून वठारातून निघायचो, आणि जे. पी. नगरातल्या एका बागेत बाकावर बसून त्या खाऊन टाकायचो. पहिल्या वर्षी आम्ही खूप हसलो. आईसुद्धा. दोन-तीन वर्षांनी मी डबा उघडायला लागले तर आईने हात धरला. म्हणाली, एक तरी राहू दे. कोणासाठी, असं मी विचारलं. ती डब्याचं झाकण दाबत राहिली. वटपौर्णिमेला ती स्वतः अक्काच्या मागे लागून उपास करवायची. माझे वडील प्यायचे आणि आईला मारायचे. तिच्या आयुष्यात सुधाकररावांएवढा चांगला माणूस दुसरा आला नव्हता. हे मला आज दिसतं. तेव्हा वाटलं, म्हातारी भ्रमली.

दत्तू मास्तर रुक्माक्काचा भाचा. राहायचा आनेकलला आईबरोबर, आणि आमच्याच फॅक्टरीत कटिंग मास्तर होता. त्यांची घराणी कधीच्या काळी इकडे आलेली, त्यामुळे त्याच्या मराठीत निम्मी कानडी. पस्तिशीचा, बिनलग्नाचा, शर्टाच्या खिशाला कायम खडूचा डाग. मी त्याला अण्णा म्हणायची. अक्का त्याला काहीच म्हणायची नाही. सुट्टी झाली की तो आमच्याबरोबर बस स्टॉपपर्यंत चालायचा, मध्ये मला घालून. एकदा अक्काच्या बोटात सुई गेली. मशीनवर हे होतं, त्यात विशेष काही नाही. त्याने सुई काढली, पट्टी बांधली, आणि मग बराच वेळ आपल्याच हाताकडे बघत उभा राहिला. तो कधी काही बोलला नाही. रुक्माक्का आईला म्हणाली, तुमची शोभा मोकळी असती तर दत्तूला मी दुसरी बघितली नसती. ती सहज म्हणाली, आणि दळण घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का स्टोव्हची पिन शोधत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला मारून टाका."

आई म्हणाली, असं अभद्र बोलू नये. आईचं म्हणणं, विधवा झालीस तर उद्या हळदीकुंकवालासुद्धा कोणी बोलावणार नाही. मग अक्का मला म्हणाली, मग त्याला बिघडव. त्याला तिकडे बाई ठेवायला लाव. सोडून दिलेल्या बाईला निदान दुसरं घर करता येतं.

मी कामाला लागले. आधी सांगितलं, फोनवर पहिल्यासारखं बोलत नाहीत. मग सांगितलं, पैसे कमी येतात. मग एक दिवस नळावर आवाज बारीक करून सांगितलं की मस्कतला एक नर्स आहे म्हणे. मी माझ्या परीने सगळं पायरीपायरीने केलं होतं. पण गौरम्माने घागर नळाखालून काढली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच चोरी केली आहे. म्हणाली, तो माणूस तसला नाही. चहा करायला शिकला तो. बायकोला विचारणारा माणूस आहे. तुझी अक्काच फोनवर काहीतरी टोचून बोलली असणार, मी बघितलंय तिला तोंड सुजवून येताना. बाकीच्या बायकांनीही तेच धरलं. पाप सुधाकरराव, म्हणायला लागल्या. कानडीत पाप म्हणजे बिचारा. बिचारा तिकडे उन्हात मरतोय आणि ही इथे कटिंग मास्तरबरोबर स्टॉपवर उभी असते. चार वर्षांत आम्ही त्याला इतका नीट घडवला होता की सगळं वठार त्याच्या बाजूचं झालं. अक्काच्या बाजूने कोणी उरलं नाही. त्याला वाईट करायची ताकद आता माझ्यात नव्हती.

त्या आठवड्यात मास्तर आमच्याबरोबर चालला नाही. रविवारी मात्र मावशीकडे आला, आणि जाताना आमच्या दारात थांबला. उन्हं अंगणात आली होती, बायका डोक्याला तेल लावत बसल्या होत्या. अक्का उंबऱ्यात तांदूळ निवडत होती, आई आत स्टोव्हशी, मी कपडे वाळत घालत होते. मास्तर अक्काकडे न बघता म्हणाला, "तुमचे यजमान चांगले आहेत असं सगळे सांगतात. मी इथनं पुढे स्वल्प लांबच राहतो. माझ्यामुळे तुमच्यात काही नको."

अक्काने सूप बाजूला ठेवलं. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतकं हळू म्हणाली, "असा कोणी नाहीच."

"कोण नाही?"

"सुधाकरराव. नाहीच कोणी. आम्ही केला तो. माझा नवरा निपाणीला आहे, त्याने मला टाकली."

मास्तरला राग आला नाही, दया आली, ते त्याच्या तोंडावर दिसलं. मी दोरीपासून पुढे येऊन म्हटलं, अण्णा, ती खरं सांगते, भोपळासुद्धा माझाच. तो मला म्हणाला, तू गप्प बस, तुझी बडबड सगळ्या फॅक्टरीला माहीत आहे. आणि अक्काला म्हणाला, "माझ्यासाठी जिवंत माणसाला नाही म्हणू नका हो. भांडण आहे, मिटेल."

अक्काने आत हाक मारली. "आई, सांग यांना. आहे का कोणी?"

आई हातातली पळी घेऊन दारात आली. तिने मास्तरकडे बघितलं, मग अंगणात बघितलं. बायकांचे तेलाचे हात थांबले होते. आईला एकच शब्द बोलायचा होता, नाही. ती म्हणाली, "जावई दिवाळीला यायचे आहेत." आणि पळी घेऊन आत गेली.

मास्तरने मान हलवली आणि आनेकलची बस पकडायला गेला. अक्काने सूप परत मांडीवर घेतलं. उरलेले तांदूळ निवडले. जेवणात चिंचेचं सार होतं. आम्ही तिघी जेवलो. मला राग आला होता का हे आठवून बघते, तर आठवतं ते एवढंच की सारात मीठ नव्हतं आणि कोणी मागितलं नाही.

फोनचा रविवार आला. अक्का बूथवर गेली, बरोबर गौरम्मा आणि मी. तिने नंबर लावला, ऐकलं, या वेळी एक शब्दही बोलली नाही. रिसीव्हर जागेवर ठेवला, बाहेर आली, पैसे दिले. मग तिथेच रस्त्यावर पदराने कपाळ पुसलं आणि गौरम्माला म्हणाली, "गेले."

तिने आम्हाला कोणाला सांगितलं नव्हतं. गौरम्माने रस्त्यावरच गळा काढला. छातीत कळ आली, तिकडेच सगळं केलं, असं अक्काने सांगितलं, आणि कोणी जास्त विचारलं नाही. आखातात माणसं जात होतीच. वठारात तीन चुली पेटल्या नाहीत. अक्काच्या बांगड्या गौरम्माने रडत रडत फोडल्या आणि काच तिच्या हाताला लागू नये म्हणून मध्ये आपला हात धरला, तो कापला. त्या बाईला मी त्याआधी चांगली समजत नव्हते. अक्का रडली नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, रडू दे तिला. पण सगळ्यांत जास्त आई रडली. मला आधी वाटलं नाटक करते. मग ती दुसऱ्या दिवशी उठली नाही, तिसऱ्या दिवशी उठली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. माझे वडील गेले तेव्हा तिने संध्याकाळी भाकरी थापली होती.

मास्तर दहाव्याला आला. कोपऱ्यात बसला. आईला म्हणाला, चांगला माणूस होता. वर्ष सरल्यावर रुक्माक्काने त्याच्यासाठी अक्काला मागितली. नवरा असलेल्या बाईकडे त्याने मान वर करून बघितलं नसतं, पण विधवेशी लग्न करायला तो कोणाला भ्याला नाही. त्याची आई रडली, तिला त्याने समजावलं. माणसं कुठे शूर असतात आणि कुठे नसतात, त्याचा काही नियम नाही. त्याची एकच अट होती. दर वर्षी पितृपंधरवड्यात पहिल्या नवऱ्याचं पान मांडायचं. म्हणाला, त्याच्या जागेवर बसतोय, तेवढं मी करणार. अक्का म्हणाली, सरी.

आनेकलच्या त्या घराच्या गच्चीवर सुधाकररावांचं पान दर वर्षी मांडलं गेलं. भात, वरण, वडे, खीर, गवार. भोपळा सगळ्यांसाठी व्हायचा, त्या पानावर वाढायचा नाही. मास्तर स्वतः लक्ष ठेवायचा. एका वर्षी सुनेने चुकून वाढला तर त्याने पान बदलायला लावलं. त्यांची मुलगी 'मस्कतच्या काकांचं पान' म्हणत मोठी झाली. ती हे वाचेल तेव्हा तिला कळेल. खरा नवरा निपाणीला होता, त्याचं काय झालं आम्ही विचारलं नाही. त्याचं पान कोणी मांडत असेल तर मांडत असेल. मी एकदा अक्काला म्हटलं, आता तरी मास्तरला खरं सांग, घरात सून आली. ती म्हणाली, एकदा सांगितलं होतं.

मास्तर मागच्या उन्हाळ्यात गेला. झोपेत गेला, त्रास झाला नाही. या वेळच्या पंधरवड्यात मी आनेकलला गेले, गुडघे धरून गच्ची चढले. अक्काने दोन पानं मांडली होती. एकावर भोपळा होता, एकावर नव्हता. आम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. कावळा लगेच आला आणि मस्कतच्या पानातला वडा उचलून गेला. दुसरा आला, तोही तिथेच. मास्तरच्या पानाला काही शिवेना. आमच्याकडे अशा वेळी गेलेल्या माणसाचं काय राहिलं असेल ते बोलून दाखवतात. अक्का म्हणाली, मुलीच्या लग्नाचं बघू. म्हणाली, घर विकणार नाही. कावळा कठड्यावर बसून राहिला.

मग अक्का उठली, मास्तरच्या पानाजवळ गेली, आणि साध्या आवाजात म्हणाली, "नव्हता हो कोणी. खरंच नव्हता."

आम्ही थांबलो. ऊन पानावर आलं, खिरीवर साय धरली. कावळा उडून समोरच्या नारळावर गेला.

"बघ," अक्का मला म्हणाली, "तेव्हाही पटलं नव्हतं." आणि आम्ही खाली जेवायला गेलो.